बिनबैलाचं

पोळ्याला पुजलेले मातीचे बैल
अजून कोनाड्यात आहेत, शिंगांना हिंगूळ तसाच,
आणि पाच दिवसांत ऋषिपंचमी आली.

माय पहाटेच बोरीच्या डोहावरून परतली
आघाड्याच्या काडीने दात घासून, ओल्या लुगड्यानिशी.
ओच्यात गोटे. सात ऋषींचे सात,
आठवा अरुंधतीचा.
पाटावर मांडले तेव्हा मी मोजले तर नऊ.
नववा काळा, कपाळावर पांढरा ठिपका.
मी विचारलं नाही.

आज बैलाच्या कमाईचं खायचं नाही.
भाकर नाही, वरण नाही,
घाण्याचं तेल नाही, मोटेचं पाणी नाही,
तिच्या आजेसासूपासून चालत आलेलं.
परसात कुदळीने खणलेल्या वाफ्यातलं तेवढं चालतं:
अळू, लाल माठ, दोडकी, सुरणाची एक फोड,
आणि कुंपणावर कोणी न लावता चढलेलं डांगर.

मी सकाळीच डोकं चालवलं.
म्हटलं, माय, आता कुठला आला बैल?
नांगरट माझ्या ट्रॅक्टरची, पेरणी माझीच,
बाजरी मळणीयंत्रातली, तेल पाकिटातलं,
विहिरीवर मोटर.
गावात चार जोड्या उरल्यात, त्याही पोळ्यापुरत्या.
तुझ्या हिशोबाने तर वर्षभर
आपलं सगळं उपवासाचंच.
खा की भाकर.

ती दोडक्याच्या शिरा काढत होती.
"ट्रॅक्टरले घाम येस का रे?"
एवढंच म्हणाली.

लाख्याला यायचा.
जू बसायचं तिथले केस गेले होते त्याचे,
कातडं चामड्याच्या जुन्या पिशवीसारखं गुळगुळीत.
संध्याकाळी माय तिथे करडईचं तेल चोळायची
तेव्हा तो डोळे मिटायचा.

ट्रॅक्टरच्या आगाऊ रकमेला बावीस हजार कमी पडले,
ते लाख्याने भरले.
पारोळ्याच्या बाजारात कासरा मीच दिला
त्या माणसाच्या हातात.
माय आली नव्हती.
घरी गेल्यावर विचारलं तिने फक्त,
कासरा परत आणलास का.

दुपारी शेजारच्या सुभद्राकाकू आल्या, ओसरीवर बसल्या.
म्हणाल्या, हे व्रत विटाळाच्या पापाचं,
तुझा विटाळ जाऊन सात वर्षं झाली,
उद्यापन करून टाक, सुटशील.
माय हसली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली,
"ते पाप व्हतं, ते मंग हाऊ कथाईन उना?"
काकूंनी पदर सावरला.
मी उगाच चाकाची हवा बघायला गेलो.

कहाणीत एक मुलगा रात्री गोठ्यात ऐकतो.
बैल म्हणजे त्याचा मेलेला बाप,
कुत्री म्हणजे मेलेली आई,
दोघं उपाशी, एकमेकांना सांगताहेत
दिवसभरात काय काय सोसलं.
माझ्या गोठ्यात रात्री इंजिन निवताना
टिक, टिक, करतं.
पुष्कळदा कान दिलाय मी.
बोलत नाही.

लाख्याचा खुंटा तिथेच आहे अजून,
ट्रॅक्टर मागे घेताना दर वेळी आडवा येतो.
दोनदा पहार घेऊन गेलो उपटायला.
दोन्ही वेळा ती दारात उभी होती,
काही न बोलता, हात पदराला पुसत.

रात्री तिने भाजी वाढली.
तेल नाही, फोडणी नाही,
पाण्यात शिजलेलं हिरवं, लाल, पिवळं एकत्र.
बाहेर कपाशीच्या वासाचं वारं होतं,
आणि उद्या नथ्थू आप्पाकडची कोळपणी
सहा वाजता सांगितलेली.
पहिल्या घासाला म्हटलं, माय, अळणी आहे.

ती उठली. फळीवरचा डबा काढला.
"मीठ कोन वढतं व्हई रे?"
मला माहीत नव्हतं.
समुद्राकडचं असतं, म्हटलं, माणसंच ओढतात बहुतेक,
अनवाणी.

ती डब्याच्या झाकणावर हात ठेवून
बराच वेळ तशीच उभी राहिली.